पाथरीकरांची आंघोळ

आमचे पाथरीकर इमारतीच्या पाहणीला निघाले, की त्यांच्या पिशवीत मोजपट्टीशेजारी पंचा, साबण आणि पितळी तांब्या असतो. नव्या इमारतीत सूर्यावर पाणी तापवणं जमेल का, परवडेल का, याचे अहवाल आम्ही चिंचवडच्या ऑफिसात बनवतो. मी खुर्चीत बसून बनवतो. पाथरीकर आंघोळ करून.

"पाण्याचा अहवाल कोरड्या अंगानं कसा लिहायचा?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माणूस मूळचा परभणीकडचा. पिंपळे गुरवला इतकी वर्षं राहूनही बोलणं तिकडचंच. सकाळी नमस्कार वगैरे नाही, थेट चौकशी: "आंघोळ गरम पाण्यानं झाली का गार?" शिपायाला तेच, साहेबांच्या बायकोलाही तेच. त्या हल्ली ऑफिसात येत नाहीत.

मग महाळुंग्याच्या आबांचं काम आलं. आबांची बरीचशी शेती कारखान्यांत गेली. उरलेल्या तुकड्यावर ते कामगारांसाठी हॉस्टेल बांधत होते. गरम पाण्याची लाइन टाकायची की नाही, हे आमच्या अहवालावर ठरणार होतं. नाही म्हटलं, की पाइप न टाकताच भिंती बंद आणि पोरं कायमची गार पाण्यात.

अहवाल मी लिहिला. आंघोळीची वेळ सकाळी सहा ते आठ धरली, कारण सगळ्या सोसायट्यांसाठी मी तीच धरतो. सगळ्यांना एकदम पुरेल एवढं पाणी रात्रभर साठवायचं, तर गच्चीला टाकीचं वजन पेलेना. निष्कर्ष: व्यवहार्य नाही. खर्च वाचला म्हणून आबा खूश.

पाथरीकरांनी अहवाल वाचून एवढंच विचारलं, "कुणाची आंघोळ बघून लिवलंत?"

कुणाचीच नाही. ते पिशवी उचलून आबांच्या जुन्या चाळीत कामगारांबरोबर राहायला गेले आणि परतले ते शिंकतच.

बैठकीत आबा म्हणाले, "आवो, पोरं अंधारात उठून कामाला जात्यात. तवा सूर्य कुठं आसतो?"

"उठून आंघोळ करतच नाहीत ती," पाथरीकर म्हणाले. "नुसतं तोंड धुतात. आंघोळ कामावरून आल्यावर. मशीनचं तेल अंगावर घेऊन कोण झोपंल? एक शिफ्ट दुपारी नाहते, एक मध्यरात्री, एक सकाळी. दुपारी संपलेलं पाणी उन्हं उतरेस्तोवर परत तापतंय. मग एवढी मोठी टाकी कामून?"

मी तिथेच गणित पुन्हा मांडलं. टाकी एक तृतीयांशानं लहान झाली. गच्चीनं ती आरामात पेलली.

आबांनी नवा आकडा वाचून पाहिला. मग म्हणाले, "आमच्या चाळीत गार पाण्यानं आंघोळ केली तुमी?"

"तिन्ही शिफ्टला."

"पडसं झालं?"

पाथरीकर उत्तरादाखल शिंकले.

"टाका लाइन," आबा म्हणाले.

त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले आणि पेढ्याबरोबर प्रत्येकाला, चूक माझी होती, हेही सांगत सुटलो. पाथरीकर म्हणाले, "राहू द्या हो. पेढा गोड लागंना झालाय."

हॉस्टेल सुरू झालं तेव्हा थंडी होती. फीत कापल्यावर आबांनी फर्मावलं, पहिली आंघोळ पाथरीकरांची. रात्रपाळीहून आलेल्या एका कामगारानं बादली भरली, वाफ बघून हसला आणि दारातून हाक दिली, "काका, पाणी काढलंय."

पाथरीकर खांद्यावर पंचा टाकून तसेच उभे राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "आमची ही गेल्यापासून मीच पाणी काढतो अन् मीच जातो. हाक मारायला कुणी नाही."

ते आत गेले. दाराबाहेर आम्ही तांब्याचा आवाज ऐकत उभे. आवाज थांबेचना. आबांनी माझ्याकडे पाहिलं.

"समदं पाणी संपवत्यात का काय?"

"नाही संपत, आबा," मी म्हणालो. "घेऊ द्या त्यांना."