पुराव्यावर बसायचं नाही

या, असे जवळ सरका. मागच्यांनीही पुढं यावं, जागा आहे. नगर कार्यालयातल्या चौकशीबाईंची, म्हणजे तिथल्या नोकरांवरचे आरोप तपासणाऱ्या बाईंची, गोष्ट सांगतो. हसलात तरी चालेल, पण मन लावून ऐका.

भर सभेत अध्यक्षांची नवीकोरी खुर्ची मोडली आणि अध्यक्ष जमिनीवर आले. पडता पडता त्यांनी टेबलावरचं कापड धरलं, तसा पाण्याचा जगही अंगावर आला. सभागृहातल्या सगळ्याच खुर्च्या नुकत्या घेतलेल्या. घेणारे खरेदीसाहेब आणि विकणारा त्यांच्या बायकोचा सख्खा भाऊ.

"या माणसाला आजच्या आज घरी पाठवा," ओल्या सदऱ्यानिशी अध्यक्ष म्हणाले.

"पाठवू," चौकशीबाई म्हणाल्या. "आधी आरोप लेखी देऊ, त्यांचं म्हणणं ऐकू, मग."

"ऐकायचं काय त्यात? मी आपटलो ते सगळ्यांनी पाहिलं."

"मागं दुसऱ्या एका साहेबांनाही तुम्ही असंच तडकाफडकी काढलंत. 'माझं ऐकलंच नाही' म्हणून ते कोर्टात गेले आणि मिरवत परत आले."

बाईंच्या मनाला तीच गोष्ट लागून राहिली होती. पुढची खरेदी शाळेच्या छपराची होती. हे साहेब सुटून परत त्याच टेबलाशी बसले, तर ते छप्पर पोरांच्या डोक्यावर यायचं. बाईंनी कंबर कसली.

सुनावणीच्या दिवशी त्यांनी प्रत्येक खुर्चीवर चिठ्ठी डकवली. "हा मुद्देमाल आहे. पुराव्यावर बसायचं नाही."

झालं. जुन्या खुर्च्या साहेबांनी केव्हाच भंगारात काढलेल्या, त्यामुळे अख्खं कार्यालय उभं. लेखनिक खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून लिहू लागला. अध्यक्षांनी घरून आरामखुर्ची मागवली, तर साहेबांनी हरकत घेतली. "तक्रार करणारा बसलेला आणि मी उभा? हा कुठला न्याय?"

"हरकत मान्य," बाई म्हणाल्या. आरामखुर्ची आल्या पावली परत गेली.

"विकणारा तुमचा मेव्हणा ना?" बाईंनी विचारलं.

"मेव्हणा आहे म्हणून त्यानं खुर्च्या करू नयेत का?"

"कराव्यात. पण तीन ठिकाणांहून दर मागवले होते?"

"मागवले की. तिन्ही त्यानंच दिले. कामसू माणूस आहे."

लेखनिक खुदकन हसला. बाई हसल्या नाहीत. "जसंच्या तसं लिहा," म्हणाल्या.

"दर कुणीही देवो, माल अस्सल आहे," साहेब म्हणाले. "एक मोडली, ती अध्यक्षांच्या आकारमानामुळे. दुसरी मोडून दाखवा माझ्यासमोर."

"दाखवतोच," म्हणत अध्यक्षांनी एक खुर्ची ओढली आणि धपकन बसले. खुर्ची कुरकुरली, पण टिकली.

साहेबांचा चेहरा फुलला. बाई शांतपणे म्हणाल्या, "टिकली, असं लिहा."

"अहो, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?" अध्यक्ष पुटपुटले.

"हलू नका. पुराव्यावर बसलाय तुम्ही."

आता साहेबांना जोर चढला. लाकडाच्या जाती, मेव्हण्याचं हलाखीचं बालपण, सासूबाईंचं आजारपण, काही म्हणता काही सोडलं नाही. बाईंचे गुडघे ठणकत होते, पण एका शब्दानं त्यांनी मध्ये तोडलं नाही. बोलता बोलता साहेबच एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलू लागले. बाईंना खरोखर त्यांची दया आली.

"दमलात साहेब. अध्यक्ष बसलेत, तर बसायचा हक्क तुम्हालाही आहे. घ्या एक खुर्ची, मग सांगा निवांत."

"नको, ठीक आहे."

"कोणतीही घ्या. तुमच्या पसंतीची."

साहेब रांगेपाशी गेले. एक हलवून पाहिली, दुसरीची पाठ दाबली, तिसरीला नुसताच वळसा घातला आणि भिंतीशी परत आले. "मी उभाच बरा."

"का हो?"

"माझं कमरेचं दुखणं जुनं आहे. पडलोबिडलो तर..."

साहेब थांबले. लेखनिकाची लेखणी मात्र थांबली नाही.

"बोला ना," बाई म्हणाल्या. "मी ऐकतेय."

 साहेबांनी मान खाली घालून माल कच्चा असल्याचं कबूल केलं. तेही बाईंनी पूर्ण ऐकलं.

साहेबांना रीतसर काढलं. नोटीस दिली, उत्तराला मुदत दिली, उत्तरही वाचलं. ते कोर्टात गेले, नाही असं नाही. पण 'माझं ऐकलं नाही' एवढं एकच वाक्य त्यांना तिथं म्हणता येईना. शाळेच्या छपराची खरेदी दुसऱ्याच माणसाच्या हाती गेली.

देव आपल्या सगळ्यांचं शेवटपर्यंत ऐकून घेतो, म्हणून तर आपण निभावतो. तेव्हा मंडळी, आज त्याच्यापुढं हात जोडाल तेव्हा त्या बाईंची आठवण असू द्या. त्यांचे गुडघे अजून दुखतात म्हणे.