रिकामा डबा आणि नारिंगी जॅकेट

कौन्सिलने दिलेलं नारिंगी जॅकेट पद्माकर जेवतानाही काढत नसत. पाठीवर ठळक इंग्रजी अक्षरांत ‘कम्युनिटी वॉर्डन’. लॉकडाउनमध्ये सगळं केलीव्हिल उपनगर दाराआड बसलेलं असताना गल्लीत फिरून ‘कसे आहात, काही हवंय का’ विचारायचा हक्क त्या जॅकेटने त्यांना दिला होता. मुलीकडे परदेशात राहायला आल्यापासून ते नुसते ‘मंजिरीचे बाबा’ होते. कचऱ्याची बिन कधी बाहेर काढायची, हेसुद्धा नात सांगायची. जॅकेट आलं आणि माणसं ‘मिस्टर पद्माकर’ म्हणू लागली. माणसाला आणखी काय लागतं?

शेजारचा ग्लेन पॉझिटिव्ह निघाला आणि एकटा घरात अडकला. पद्माकरांच्या पत्नी रेखाताईंनी स्टीलच्या डब्यात मुगाची खिचडी दिली, पद्माकरांनी ती त्याच्या पायरीवर ठेवली. आयसोलेशन संपल्यावर डबा परत आला. घासून लख्ख, आणि रिकामा.

“रिकामा?” रेखाताईंनी झाकण दोनदा उघडून बघितलं.

“अगं, तो इथला माणूस. त्याला काय ठाऊक?”

इथवर ठीक होतं. पण जॅकेट घातलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. कुंपणावरून गप्पा मारता मारता त्यांनी ग्लेनला हसत हसत सांगितलंच, की आमच्यात डबा रिकामा परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. ग्लेन कानापर्यंत लाल झाला. “सॉरी, मेट!” म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या प्लास्टिकच्या डब्यात बनाना ब्रेड घेऊन कुंपणाशी उभा.

आता तो डबा तरी रिकामा कसा जाणार? रेखाताईंनी चिवडा भरला. समोरच्या घरात एकट्या राहणाऱ्या वसईच्या ॲग्नेसबाई खिडकीतून हे बघत होत्याच.

“पद्माकरभाऊ, डबे आमच्या दारावरून जातात, आमच्या दारात थांबत नाहीत ते?”

थांबले. मग पुढच्या दारात थांबले. कोपऱ्यावर बाळंतीण चित्रलेखा होती, तिला डिंकाचे लाडू गेले; तिच्या नवऱ्याने उलट पास्ता पाठवला. कोणी कोणाकडे जायचं नाही हा नियम, म्हणून ने-आण वॉर्डनकडे. नातीची जुनी बाबागाडी गॅरेजमधून निघाली. ‘काही हवंय का’ या प्रश्नाला आता कोणी उत्तर देईना. सगळे गाडीत डोकावून विचारत, “आज काय आलंय?”

“बाबा, जॅकेटवर ‘डिलिव्हरी’ छापून घ्या,” मंजिरी म्हणाली.

“एका घराने रिकामा डबा परत केला ना, की साखळी तुटेल,” पद्माकर करवादले.

“मग करा की सुरुवात!”

“आपल्या घरापासून नको.”

अशात कौन्सिलचा फोन आला. वॉर्डनसाठी मंजूर झालेला निधी संपत आलाय. पुढे कोणत्या गल्लीला द्यायचा ते ठरवायला मेलिसा नावाची अधिकारी गुरुवारी येतेय. साथीच्या दिवसांत घरोघर डबे फिरवणारा वॉर्डन तिने पाहिला, तर जॅकेट गेलंच! लोकांना कारण सांगावं तर बोभाटा होणार. पद्माकरांनी बाबागाडी गुपचूप गॅरेजमध्ये कोंडली.

गुरुवारी मेलिसा गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. पद्माकर दोन हात अंतरावरून समजावू लागले, “इथे कोणी कोणाला ओळखत नाही. मीच काय तो दुवा.”

तेवढ्यात ॲग्नेसबाई मास्क सावरत फाटकाशी आल्या. “ग्लेन! डबा नाही आला! यू ओके ना?”

“आय ॲम फाइन! पद्माकर कुठाय? आजारी नाही ना?” ग्लेन ओरडला. “आणि चित्रलेखाचं बाळ? पोट दुखत होतं त्याचं!”

“झोपलं एकदाचं!” चित्रलेखा कोपऱ्यावरून. “ॲग्नेस आंटी, तुमचा गुडघा?”

बघता बघता प्रत्येक फाटकात एकेक मास्क उगवला आणि गल्लीभर एकमेकांच्या तब्येतीची आरडाओरड सुरू झाली.

मेलिसाचे डोळे मास्कवरून चमकले. “ब्रिलियंट! मिस्टर पद्माकर, या गल्लीला आता वॉर्डनची गरजच उरली नाही. निधी थोडा आहे, तो जिथे कोणी कोणाला ओळखत नाही तिथे द्यावा लागेल. जॅकेट सोमवारी घेऊन जाईन.”

सोमवारी पद्माकरांनी जॅकेटची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. रेखाताईंनी ते कापडी पिशवीत ठेवलं आणि वर बेसनलाडवांचा डबा.

“अगं, सरकारी माल परत करतोय आपण!”

“मग? सरकार खात नाही का?”

मेलिसा पिशवी घेऊन गाडीकडे निघाली, तशी समोरच्या फाटकातून ॲग्नेसबाईंनी तिला खणखणीत इंग्रजीत बजावलं, “पिशवी रिकामी परत पाठवायची नसते हं!”

आठवड्याने पिशवी दाराला लटकलेली दिसली. आत घासलेला डबा, आणि डब्याखाली तेच जॅकेट. सोबत मेलिसाची चिठ्ठी होती: ‘मागच्या गल्लीत कोणी कोणाला ओळखत नाही. बघता का?’

पद्माकरांनी जॅकेट चढवून आरशात पाठ बघितली. रेखाताई ओट्याशी चिवडा भरत होत्या.

“घेऊन जा. पण या वेळी रिकाम्या डब्याबद्दल कोणाला एक शब्द बोलू नका.”

“छे! मी कशाला बोलतोय?” म्हणत पद्माकर गॅरेजमध्ये गेले आणि बाबागाडीच्या चाकांना तेल घालू लागले.