मुखवट्याच्या आतलं अस्वल

मुलांनो, खेळताना तुम्ही कधी दुष्ट झाला आहात का? एखाद्या दिवशी गंमत म्हणून नाही. रोज?

जांभळी रोज व्हायची. ही तिची गोष्ट.

एका जंगलात चित्रकथांची पुस्तकं निघत. सागाच्या रुंद पानांवर चित्रं काढलेली असत. नवं पुस्तक आलं की हरणं चरायचं विसरायची आणि माकडं चक्क एका जागी बसायची.

सगळ्या पुस्तकांत नायक एकच. त्याचं नाव वज्रपट्टा. वज्रपट्टा वाघ होता. तो पाठीला लाल उपरणं बांधून आकाशात उडायचा. कोसळती दरड एका पंजाने अडवायचा. त्याच्या छातीवर एक पांढरी खूण होती, ती अंधारात चमकायची.

दुष्टही एकच. त्याचं नाव काळझिंज्या. काळझिंज्या अस्वल होता. तो दुसऱ्यांची पिल्लं पळवायचा आणि शेवटच्या पानावर मार खायचा.

जांभळी अस्वलाचं पिल्लू होती. संध्याकाळी माळावर सगळी पिल्लं जमली की ढाण्या नावाचा वाघाचा बछडा ठरवून टाकायचा, "मी वज्रपट्टा. जांभळी, तू काळझिंज्या."

"अरे, काल पण मीच होते!"

"मग सवय झाली असेल. चल, पड खाली."

जांभळी पडायची. बाकीची पिल्लं तिच्यावर नाचायची.

एकदा जांभळी खेळायला गेलीच नाही. उलट ती पिवळ्या मातीत लोळून घरी आली. तिच्या आईचं नाव करवंदा. करवंदाने विचारलं, "हे काय गं सोंग?"

"आई, मी पिवळी दिसतेय का?"

"थोडी दिसतेस."

"मग अजून लोळते."

करवंदाने तिला धरून ओढ्यावर नेलं आणि खसाखसा धुतलं. माती वाहून गेली. जांभळीने पाण्यात स्वतःकडे पाहिलं.

"खालून परत काळीच निघाले," असं म्हणून ती रडायला लागली.

करवंदाने पोरीला पुसलं, मध चाटवला, झोपवलं. मग तडक तळ्यावर गेली.

पुस्तकं तळ्यावर निघत. ती बगळे काढत. बगळेसाहेब मुख्य संपादक होते. ते एका पायावर उभे राहून विचार करत, त्यामुळे त्यांचा विचार खोल असतो असं सगळे म्हणत.

करवंदाने सगळं सांगितलं. बगळेसाहेबांचे डोळे पाणावले.

"करवंदाबाई, तुम्ही आमचे डोळे उघडलेत! अहो, आमच्याइतकी विविधतेची आवड दुसऱ्या कुणाला नसेल. आमचं संपादक मंडळच बघा ना. हे मोठे बगळे. हे मधले बगळे. आणि हे गायबगळे. किती वेगवेगळ्या घरांतून आलोय आम्ही!"

करवंदाने पाहिलं. सगळे पांढरे होते. पण गायबगळे जरा बुटके होते, हे खरं.

"मग अस्वल नायक होईल का, साहेब?"

"होईल म्हणजे? झालाच समजा! नाव भल्लवीर. आता त्याची शक्ती ठरवू. भल्लवीर काय करेल? मध काढेल! कितीही उंच पोळं असू दे, काढलाच मध!"

"साहेब, ते आम्ही रोज करतो."

"तेच तर! तुमची संस्कृती आहे ती."

"वज्रपट्टा उडतो. वाघ कधी उडतो का?"

"अहो, ती कल्पना आहे."

"मग अस्वलाची पाळी आली की कल्पना कुठे जाते?"

एका मधल्या बगळ्याला ठसका लागला. मोठ्या बगळ्यांनी पाय बदलले. शेवटी ठरलं की भल्लवीरसुद्धा उडेल. करवंदा घरी गेली ती जवळजवळ नाचतच.

पुस्तक तयार झालं. तळ्याकाठी मोठा समारंभ झाला. करवंदाला पहिल्या रांगेत बसवलं. तिने पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर एक वाघ उडत होता. दुसऱ्या पानावरही वाघ. तिने शेवटपर्यंत पानं उलटली आणि हळूच विचारलं, "साहेब, भल्लवीर कुठाय?"

"हाच की! त्याने मुखवटा घातलाय. नायकाला मुखवटा लागतो."

"पण मुखवटा वाघाचा आहे."

"वाचकांना वाघाची सवय आहे हो. त्यांना एकदम धक्का कसा द्यायचा?"

"आणि हे अंगावरचे पट्टे?"

"तो अंगरखा."

"आणि शेपटी? आम्हाला एवढी शेपटी नसते."

"ती जोडलीय. छान बसलीय ना?"

"साहेब, वज्रपट्ट्याच्या छातीवर पांढरी खूण रंगवावी लागते. आम्हाला ती जन्मतःच असते. हे बघा. निदान ती तरी दाखवायची."

"दाखवली असती. पण तिथे अंगरख्याची बटणं आली."

"मग अस्वल आहे कुठे?"

"आत," बगळेसाहेब हळवे होऊन म्हणाले. "तो अस्वल आहे हेच तर त्याचं गुपित आहे, करवंदाबाई. कुणाला कळलं तर त्याची शक्ती जाईल. आम्ही रडलो हो हे लिहिताना!"

तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. करवंदाला व्यासपीठावर बोलावलं. एक मोठी लोकरीची शाल तिच्या अंगावर घातली. आधीच एवढी केसाळ, त्यात उन्हाळा. पण आजवर तळ्यावर कुठल्याही अस्वलाला शाल मिळाली नव्हती.

त्या गडबडीत एका गायबगळ्याने विचारलं, "अस्वल नायक झालं, मग आता दुष्ट कोण?"

"साळिंदर घेऊ," बगळेसाहेब म्हणाले. "काटे तयारच आहेत. काढायला सोपं." हे त्यांनी पुढच्या पुस्तकाचं चित्र काढता काढता सांगितलं, आणि ते काढत होते साळिंदराच्याच काट्याने.

करवंदाने हे ऐकलं. पण तेव्हा ती शाल नीट करत होती. आणि खरं सांगायचं तर तिला त्या दिवशी कुणाशी भांडायचं नव्हतं.

जंगलात मोठी खळबळ उडाली. वाघांनी सभा घेतली. एक म्हातारा वाघ गहिवरून म्हणाला, "पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नुसतं अस्वल! आता आमच्या बछड्यांनी बघायचं तरी कुणाकडे?" सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांतल्या काहींनी पुस्तक पाहिलंही होतं.

संध्याकाळी जांभळी धावतच माळावर गेली. बऱ्याच दिवसांनी गेली. अंगाला माती न लावता गेली.

"आज भल्लवीर खेळायचा!" ती ओरडली. "मी भल्लवीर!"

"तू कशी?" ढाण्या म्हणाला. "भल्लवीर वाघासारखा दिसतो. तू तर अस्वलासारखी दिसतेस."

"पण तो अस्वलच आहे!"

"हळू बोल ना! कुणाला कळलं तर त्याची शक्ती जाईल. पुस्तक वाचलं नाहीस का?"

जांभळीने वाचलं होतं.

"मग मी कोण?"

ढाण्याने खूप विचार केला. तो काही वाईट मुलगा नव्हता. "तू गुपित हो," तो म्हणाला. "त्या करवंदीच्या जाळीत जाऊन बस. खेळ संपेपर्यंत बाहेर यायचं नाही."

अंधार पडल्यावर जांभळी घरी आली. अंगभर ओरखडे होते, पण चेहरा फुलला होता.

"आई, आज मी दुष्ट नव्हते! मी गुपित होते."

"अगं बाई! आणि गुपिताने काय केलं?"

"काही नाही. गुपिताला काही करायचं नसतं. दिसायचं नाही, एवढंच." तिने आईच्या शालीत डोकं खुपसलं. "टोच्या दुष्ट झाला होता. तळ्यावर ठरलंय म्हणे, आता दुष्ट साळिंदर."

टोच्या म्हणजे साळूबाईचा मुलगा. साळूबाई ही त्या जंगलातली साळिंदरीण.

"सगळे त्याच्यावर दगड टाकत होते. नाचता येत नाही ना त्याच्यावर, काटे आहेत. तो खूप रडला. मग मीच त्याला सांगितलं, रडू नकोस, सवय होईल."

करवंदाचा पंजा पोरीच्या डोक्यावर होता. तो तिथेच थांबला.

"तू सांगितलंस असं?"

"हो. कुणीतरी दुष्ट व्हायलाच हवं ना, आई?"

करवंदाने शाल काढून ठेवली. उकडतंय म्हणाली. जांभळीला झोप लागली, तरी ती बराच वेळ गुहेच्या तोंडाशी बसून राहिली. साळूबाईच्या बिळातून टोच्याचं रडणं ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळूबाई तळ्याकडे निघाली, आणि करवंदा तिच्याबरोबर गेली.

तात्पर्य : मुलांनो, नायक कुणालाही होता येतं, अगदी तुम्हालासुद्धा. फक्त तेवढं तोंड झाकून घ्या, म्हणजे सगळ्यांना तुमचा अभिमान वाटेल.