फुकटच्या ब्लेंडरचं झाकण

डोंगरातल्या हुआनकायो शहराच्या बाजारात सेनोबिया हुआरिंगाचा ब्लेंडर पपईचा रस काढता काढता जळाला. ही बाब गंभीर होती. रसाच्या गाड्यावर ब्लेंडर नसेल तर उरतात फळं आणि माश्या, आणि घर तर रसावरच चालत होतं. नवा ब्लेंडर दोनशे सोलला मिळत होता. नवरा अब्दोन तीनचाकी टॅक्सी चालवायचा. त्याने दोनशे सोल काढून ठेवलेही होते. पण तेवढ्यात योवाना आली.

योवाना एका सौंदर्यप्रसाधन कंपनीची विभागप्रमुख. सेनोबिया ब्लेंडर विकत घेणार हे ऐकून तिला मनापासून वाईट वाटलं.

"सेनोबियाताई, जी वस्तू फुकट मिळते ती विकत घ्यायची? लोक काय म्हणतील?"

फक्त सल्लागार व्हायचं. रंगीत पुस्तक दाखवून क्रीम, लिपस्टिक, साबण असला माल विकायचा. तीस टक्के कमिशन, आणि तीन आठवड्यांच्या मोहिमेत आठशे सोलची विक्री केली की ब्लेंडर बक्षीस. तीस टक्के 'गरुड' श्रेणीला असतात, नवी बाई 'चिमणी' असते आणि चिमणीला दहाच, हे मागच्या पानावर बारीक अक्षरांत होतं. त्या दहांतूनही पुस्तकाचे, पिशवीचे, बिल्ल्याचे आणि प्रेरणा मेळाव्याचे पैसे वळते होत. मेळाव्यात एका बाईने रडत रडत सांगितलं की या कमिशनने तिचं आयुष्य बदललं. कसं बदललं, हे विचारायची पद्धत नव्हती.

विक्रीची सेनोबियाला काळजी नव्हती. गल्लीत कुणाचं छप्पर उडालं, कुणी आजारी पडलं, की ते घर 'पोयादा' करायचं: कोंबडी तळायची आणि ताटांची तिकिटं शेजाऱ्यांच्या गळ्यात मारायची. आज मी तुझं ताट घेतलं, उद्या तू माझं. सेनोबियाने आजवर सगळ्यांची ताटं घेतली होती, तेव्हा आता सगळे तिचं क्रीम घेणार, असा तिचा हिशेब. तो चुकलाही नाही, सगळ्यांनी घेतलं. पण गल्लीतली प्रत्येक बाई आधीच चिमणी होती. शेजारच्या प्रिमितिवाने लिपस्टिक घेतली आणि उभ्याउभ्या तिला पायाची पावडर विकली. दोघींना कमिशन मिळालं, दोघींचे बटवे रिकामे झाले, आणि दोघींनी एकमेकींचं अभिनंदन केलं.

मोहीम संपत आली तरी निम्मी विक्री बाकी होती. योवानाने धीर दिला.

"उरलेलं स्वतःलाच विका ना, ताई. ग्राहक खूश, सल्लागारही खूश. तक्रार आलीच, तर घरातल्या घरात मिटते."

सेनोबियाने अब्दोनचे दोनशे सोल त्यात घातले, वर बहिणीकडून उसने घेतले. खोकी छताला टेकली. अब्दोनने सुरकुत्यांचं क्रीम टॅक्सीच्या चाकांना वंगण म्हणून लावलं. चाकं कुरकुरायची थांबली, पण गाडीला फुलांचा असा वास सुटला की उतारू विचारू लागले, आत कुणी वारलंय का.

अखेर बक्षीस आलं. सेनोबियाने गल्ली गोळा करून ते उघडलं. आत मोटर होती. भांडं नव्हतं.

"भांडं पुढच्या मोहिमेत," योवाना म्हणाली. "या वेळी तुम्ही मोटर-पात्र झालात. अभिनंदन."

"अगं, दोनशेला अख्खा मिळत होता तो," अब्दोन बायकोला म्हणाला.

"तो विकतचा," सेनोबिया म्हणाली. आणि ती हे मनापासून म्हणाली, हेच वाईट.

भांड्यासाठी तिने अब्दोनला आणि सासूला आपल्या हाताखाली चिमण्या केलं. सासूने साबण घेतला की सासूला कमिशन, आणि त्या कमिशनवर सुनेला कमिशन. हुआनकायोच्या थंडीत म्हातारी दिवसातून तीनदा अंघोळ करू लागली. अब्दोन जेवायला बसताना विचारायचा, या सूपवर माझं किती. भांडं आलं. झाकण तिसऱ्या मोहिमेत होतं. झाकणाशिवाय एकदा चालवून पाहिलं, तर पपई छताला आणि सासूला लागली. सासूने ती धुवायला नवा साबण काढला, तोही विक्रीत धरला गेला.

झाकण आलं तेव्हा गाडा पुन्हा सुरू झाला, पण रस प्यायला कुणी येईना. बाजारातल्या सगळ्यांचे पैसे आपापल्या घरी खोक्यांत बसले होते. कापलेली पपई काळी पडताना बघून सेनोबियाला रडू कोसळलं. इतकं करून शेवटी चूल थंडच होती. मग तिने डोळे पुसले, एक पुठ्ठा घेतला आणि ठळक लिहिलं: रस फुकट. खाली बारीक अक्षरांत: पेला विकत. पेल्याची किंमत रसाच्या एरवीच्या भावाच्या दुप्पट होती.

दुपारपर्यंत रांग बाजाराच्या फाटकाबाहेर गेली. लोक उसने पैसे घेऊन आले. सगळ्यात पुढे योवाना होती, आणि तिने दोन पेले घेतले.

"रस ओढायची नळी पुढच्या खेपेला हं, ताई," सेनोबिया म्हणाली.

तुम्ही हसू नका. त्या रांगेच्या शेवटी तुम्हीच उभे आहात. रस कशाचा आहे, हे तुम्ही अजून विचारलेलं नाही. नळीबरोबर काय मिळतं, एवढंच विचारलंत.