कोबीखालची कोळंबी

शाळेत मी चौथीपर्यंतच गेले, पण लग्न जुळवायचं म्हटलं की भल्याभल्या साहेबांना गुंडाळून ठेवीन! आमच्या नातीचं, वैभवीचं, मीच जुळवत आणलं होतं. मुलगा अंशुमन, घर दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरचं. वडील सूर्यकांतराव मोठे सरकारी अधिकारी आणि कडक शाकाहारी. मी फोनवर ठोकून दिलं, "आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही हो!"

येतं. पण पिशवीत झाकून येतं.

मुलांनी भेट ठरवली गुडगावच्या मंगोलियन हॉटेलात. तिथली तऱ्हाच न्यारी! कच्चं काय हवं ते वाडग्यात आपणच भरायचं, आणि खानसामा ते बैलगाडीच्या चाकाएवढ्या तव्यावर परतून देणार.

"मंगोल शिपाई म्हणे ढाली तापवून त्यावर मांस भाजायचे," सूर्यकांतराव सांगत होते. "त्यातून हे आलं."

मी मान डोलावत होते, पण डोळे कोळंबीच्या ताटावर. एकेक अंगठ्याएवढी! कोणी बघत नाहीसं पाहून दोन डाव वाडग्याच्या तळाशी घातले. वर कोबी, गाजर, नूडल्स. वाडगा कसा नैवेद्यासारखा दिसायला लागला! ऐटीत जाऊन सूर्यकांतरावांच्या मागे उभी राहिले, व्हेज तव्याच्या रांगेत.

आता मला काय ठाऊक, तो मेला खानसामा वाडगा उपडा करतो!

फस्स्! कोबी गेली खाली, कोळंबी आली वर. सूर्यकांतरावांच्या पनीरला खेटून अशी पसरली, जशी माहेरपणालाच आलीय!

"आंटीजी! वेज तवे पे प्रॉन्स?" खानसामा एवढ्या मोठ्यानं ओरडला की पार मानेसरला ऐकू गेलं असेल.

"मेरी नहीं है वो! तुम्हारे मंगोलिया का रिवाज होगा, कोबी में छुपाने का!"

"मंगोलिया कहाँ, माताजी! ये चीज़ तो तैवान की है. नाम बस मंगोलिया का लगा दिया."

म्हणजे तवासुद्धा खोटं कूळ सांगणारा!

"तुम्ही तर म्हणाला होतात, अंडंसुद्धा..." सूर्यकांतराव लालबुंद. वैभवीचे डोळे भरले. "आजी, काय केलंस गं!" पोरीचं लग्न माझ्या डोळ्यांदेखत करपायला लागलं.

खानसामा आता सावध झाला. माझ्यामागे मुलाची आई, पद्मजाबाई. "नीचे क्या है, दिखाइए," म्हणत त्यानं त्यांच्या वाडग्यात लांब काठी खुपसली.

"अरे भैया, सिर्फ पालक है!"

पालकाखालून निघालं मटण!

"पद्मा... तू?" सूर्यकांतरावांचा आवाजच बसला.

"हो, मी! अठ्ठावीस वर्षं तुमच्या घरात पालक खातेय," पद्मजाबाई कडाडल्या. "माझ्या सुनेवर ही पाळी येऊ देणार नाही. हीच मुलगी, हेच घर, ठरलं!"

मग हळूच माझ्या कानाशी आल्या. "अहो आजी, ती कोळंबी कुठल्या बाजूला होती? मला दिसलीच नाही."

लग्न ठरलं. सूर्यकांतरावांनी नुसतं कलिंगड खाल्लं. आणि मी? मुलाकडची माणसं ती, आग्रह नको करायला? "घ्या हो, घ्या" म्हणत माझी सगळी कोळंबी विहीणबाईंच्या ताटात वाढली. वाटलं होतं, त्या एकदा तरी "पुरे" म्हणतील!