मानमोडीची राखणदारीण

आमच्या इंदूमावशीला कुणी पुण्यवान म्हटलं की तिच्या अंगाचा तिळपापड होतो.

नायगावच्या आमच्या चाळीमागे आंब्याखाली मातीचा एक तुकडा उरलाय. तिथे मावशी रोज सकाळी मुंग्यांना पीठसाखर घालते. एकदा शेजारच्या शिंदेकाकू हात जोडून म्हणाल्या, "मावशी, केवढं पुण्य जोडता हो!"

"पुण्य घाल चुलीत!" मावशी कडाडली. "पाखरू येता मुंग्यो खाऊक. त्येच्यासाठी पोसतंय."

पाखरू म्हणजे मानमोडी. थंडीपुरतं येतं, अंगावर झाडाच्या सालीचा रंग. कूळ सुतारपक्ष्याचं, पण लाकूड ठोकणं जमत नाही. जमिनीवर उतरून वारुळात लांब चिकट जीभ घालायची, मुंग्या अंड्यांसकट गट्टम! कुणी अंगावर आलं की सापासारखी मान वळवून फुसफुसायचं. हे एक कॅमेरेवाला मावशीला सांगून गेला आणि मावशीने अख्ख्या चाळीला.

वरच्या मजल्यावरचा बंड्या हसला, "सुतार, आणि ठोकत नाही?"

"तू गिरणी कामगाराचो झील ना रे? कधी कापडाच्या मागार उभो रवलंस?"

शिंदेकाकूंना मात्र धक्काच बसला. कारण पुण्य मिळेल म्हणून त्याही तिथे साखर ओतत होत्या. "म्हणजे आमच्या साखरेवर मुंग्या पोसल्या, त्या मारायला?"

"मगे कोंबडी काय ओवाळूक पाळतात?"

काकू तडक चाळीच्या सेक्रेटरीकडे, मुंग्यांचा त्रास होतो म्हणून. सेक्रेटरीने मुंग्यांची पावडर मारणारा माणूस बोलावला. तो दुपारी आला, तर मावशी वारुळासमोर पाट टाकून बसलेली. "हात लावून बघ मेल्या!"

मी वाशिमकडचा. आठवीत शाळा सुटली, हिंदमाताला साडीच्या दुकानात लागलो. मावशीने खोलीत कॉट दिली म्हणून मुंबईत टिकलो. सेक्रेटरी समोर आला की माझी जीभ टाळ्याला चिकटते. पोटभाडेकरू म्हणून हाकललं तर जायचं कुठे? पण त्या दिवशी डोकंच फिरलं.

"साहेब, संडासाची टाकी वर्षभर गळतेय, तिला माणूस मिळत नाही. मुंग्यांना बरा लगेच मिळाला?"

गॅलरीतले सगळे खो खो हसले. पावडरवाल्याने डबा उचलून काढता पाय घेतला. "तुझं बघतो नंतर," सेक्रेटरी मला म्हणाला आणि निघून गेला.

"मावशी, चला जेवायला."

"आता नको. त्येची येवची वेळ झाली." मग आवाज खाली आणून म्हणाली, "खाताना त्येची मान खाली, जीभ बिळात. मांजार मागसून इलां तर कळाचा नाय. लांबसून इलेलां, एकटां. खाताना पाठीशी कोण तरी होयो रे."

मी खोलीत गेलो. तिचं ताट झाकलेलंच होतं. भात, बांगड्याची आमटी, सगळं गार. ते तिथेच पाटासमोर आणून ठेवलं आणि तिच्या मागे जाऊन उभा राहिलो.

तिने एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. "दुकानात जावचा नाय तुका?"

"जेवा तुम्ही."

मान खाली घालून ती जेवायला लागली. खिशात दुकानाचा फोन वाजत होता. मी हललो नाही.