विभागप्रमुख, उरलेला भाग

विद्यापीठाच्या अभिलेखागारातल्या बाईंनी जीवशास्त्राच्या एका दिवंगत प्राध्यापकांचे कागद स्वतःच्या घरच्या फ्रीजरमध्ये ठेवले, यात खरं म्हणजे काहीच वावगं नव्हतं. कागदांना कसर लागली होती. औषध मारलं तर शाई उडण्याची भीती. त्यापेक्षा कागद प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून दोन आठवडे कडक थंडीत ठेवले की किडे मरतात आणि अक्षराला धक्का लागत नाही. अभिलेखागाराचा फ्रीजर नेमका बंद पडला होता, आणि बाईंच्या घरी चांगला पेटीएवढा मोठा होता. मुदतीआधी पुडकं उघडलं, तर उरलेली कसर साऱ्या दप्तरात पसरणार. आणि बाईंची नोकरी अजून पक्की व्हायची होती.

खोट एवढीच, की बाई नियमाला फार पक्क्या. मूळ मालकाने फाइलवर जे नाव घातलं असेल तेच पुडक्यावर घालायचं, काना-मात्राही बदलायची नाही, हा त्यांच्या कामाचा पहिला धडा. प्राध्यापकांनी नावं शास्त्राला धरून घातली होती. त्यामुळे मटारच्या पिशवीशेजारी ‘बेडूक, आतडी’ आले, आइस्क्रीमच्या डब्याखाली ‘उंदीर, नर, म्हातारा’ आला, आणि सगळ्यांत वर, विभागप्रमुखांशी झालेल्या भांडणांच्या फाइलचा दुसरा खंड: ‘विभागप्रमुख, उरलेला भाग’.

नणंद महिनाभर राहायला आली होती. ती मटार काढायला गेली आणि हात हलवत परत आली.

“ताई, जेवत का नाहीस?” बाईंच्या नवऱ्याने विचारलं.

“भूक नाही.”

“सकाळीही हेच म्हणालीस.”

“तुझी बायको ऑफिसातून घरी काय आणते, बघतोस का कधी?”

“कागद आणते. दुसरं काय आणणार?”

“भोळा सांब आहेस!” असं म्हणून नणंद पाणी पिऊन उठली.

दुसऱ्या दिवशी बाई बाजारातून परतल्या, तर नणंद बाकीची पुडकी बादलीत घालून जिना उतरत होती. नाकाला पदर आणि हातात चिमटा. चिमट्यात पुडकं.

“ताई, थांबा! कुठे नेताय ते?”

“न्यायला हवं तिथं. आणि तू जवळ येऊ नकोस माझ्या.”

“अहो, गारवा जाईल त्यातला!”

“जाऊ दे! माणूस गेला ते गेला, वर त्याला मटारशेजारी ठेवलंस? कोण होता गं तो? आणि बाकीचा कुठाय?”

बाईंना क्षणभर काही उमगेना. मग त्यांनी पुडक्यावरचं नाव वाचलं.

“कागद आहेत हो ते, ताई. भांडणाचे. दाबून बघा.”

नणंदेने लांबूनच एका बोटाने दाबलं. “हो गं. कागदच.”

“बाकीचा ऑफिसात आहे.”

“कोण?”

“पहिला खंड!”

“मग हे फ्रीजरमध्ये कशाला?”

“किडे आहेत त्यात.”

इतका वेळ पांढरीफटक पडलेली नणंद आता लालबुंद झाली. माणूस तिने एक वेळ खपवून घेतला असता. “किडे? खायच्या वस्तूंशेजारी किडे?”

बाईंनी पुडकी पुन्हा फ्रीजरमध्ये रचता रचता तिला शांतपणे समजावलं. थंडी मध्येच तुटली की अंडी जगतात, आणि आता सगळी मुदत पहिल्यापासून मोजावी लागणार.

“म्हणजे विरजण लागेपर्यंत भांड्याला हात लावायचा नाही, तसंच ना?”

“अगदी तसंच.”

“मग आधी नाही का सांगायचं?” नणंद म्हणाली, आणि फ्रीजरची किल्ली तिने आपल्या ताब्यात घेतली.

मुदत संपत आली असताना दारात एक नीटनेटके, गोड बोलणारे गृहस्थ उभे राहिले. बाईंची नोकरी पक्की करायची की नाही, हे ठरवणाऱ्या समितीत ते होते.

“सहज आलो. कसरीपायी प्राध्यापकांचे कागद तुमच्या फ्रीजरमध्ये ठेवलेत, असं ऑफिसात कळलं. त्यांत माझ्यासंबंधी काही आहे म्हणे. जाहीर होण्याआधी नजर टाकली असती. दोन मिनिटांचं काम.”

“सर, अजून मुदत—”

“बाई, परवा समितीची बैठक आहे, ठाऊक आहे ना?”

इकडे आड, तिकडे विहीर. तेवढ्यात नणंद स्वयंपाकघरातून बाहेर आली.

“आपण कोण?”

“मी विभागप्रमुख. म्हणजे, होतो.”

नणंदेने त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. “अगं बाई! उरलेला भाग तो हाच का?”

“काय म्हणालात?”

“काही नाही. चार दिवसांनी या. अजून विरजण लागलेलं नाही.”

“अहो, मी नुसतं बघणार आहे!”

“सगळे असंच म्हणतात. बघतात आणि बोट घालतात. किल्ली माझ्याकडे आहे, तिच्याकडे नाही. तिच्यावर डोळे वटारू नका.”

विभागप्रमुख खुर्चीवर बसले. त्यांनी फ्रीजरच्या घरघरीकडे कान दिला. मग हळूच म्हणाले, “त्यात माझ्याबद्दल काही बरं लिहिलंय का हो?”

“वाचलं नाही, सर. आधी थंडी, मग वाचन.”

“उभा जन्म भांडलो आम्ही. आता भांडायलाही कुणी नाही.”

“मग चार दिवसांनी त्याच्याशीच भांडा,” नणंद म्हणाली. “सबंध खंड आहे.”

ते उठले. दारापाशी जाऊन वळले.

“बैठकीत सांगतो मी, बाई. कागद तुमच्याकडे सुरक्षित आहेत. मलाच मिळाले नाहीत, तिथं कसरीची काय बिशाद!”